पानिपतची गोष्ट नेमकी कुठे संपते?

२०२५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात हरियाणातल्या पानिपत इथे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. त्यावर लगेच प्रश्न आला: जिथे आपण हरलो तिथे स्मारक कशाला? सरकारकडून उत्तर आलं की पानिपत हे पराभवाचं नव्हे, शौर्याचं प्रतीक आहे. समाजमाध्यमांवर मग दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिलं गेलं.

यातल्या कुणालाही १४ जानेवारी १७६१ ला काय घडलं याबद्दल शंका नव्हती. अहमदशाह अब्दाली जिंकला, सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले, मराठी फौजेची धूळधाण झाली, हे सगळ्यांना मान्य होतं. तरीही एकाला तिथे लाज दिसते आणि दुसऱ्याला अभिमान. तपशील तेच असताना अर्थ इतका बदलतो तरी कसा? इतिहासाबद्दलचे आपले बहुतेक वाद याच ठिकाणी अडतात, म्हणून ते पानिपतच्याच आधाराने समजून घेऊ.

घटना आणि गोष्ट

घटना म्हणजे जे घडलं ते. अमुक दिवशी अमुक ठिकाणी दोन फौजा भिडल्या, ही घटना. पण नुसत्या घटनांची यादी कुणाच्या लक्षात राहत नाही आणि तिच्यातून काही कळतही नाही. आपण घटना एका ओळीत मांडतो, त्यांना कार्यकारणाच्या धाग्यात ओवतो, कुणाला तरी मध्यभागी उभं करतो. या मांडणीला अभ्यासक ‘कथन’ म्हणतात. आपण साधं ‘गोष्ट’ म्हणू.

गोष्ट सांगणाऱ्याला काही गोष्टी ठरवाव्याच लागतात. सुरुवात कुठून करायची, थांबायचं कुठे, कुणाच्या डोळ्यांनी बघायचं आणि ‘त्यामुळे’ हा शब्द कुठे वापरायचा. हे ठरवताना त्याने एकही खोटं वाक्य लिहिलं नाही तरी अर्थ पूर्ण बदलू शकतो. रोज कर्जत ते लोणावळा एवढाच प्रवास करणाऱ्या माणसाला मुंबई–पुणे रेल्वे म्हणजे निव्वळ घाट आणि बोगदे वाटेल. त्याने पाहिलेलं सगळं खरंच असतं. तो चढला कुठे आणि उतरला कुठे, यावरून त्याचं मत बनलेलं असतं.

कुठून सुरू करता त्यावर

पानिपतची गोष्ट १७५८ पासून सांगायला घ्या. रघुनाथरावांची फौज एप्रिलमध्ये लाहोरला पोचली आणि मराठी तुकड्या अटकेपर्यंत गेल्या. इथून निघालात तर ही गोष्ट अंथरूण पाहून पाय न पसरल्याची होते. तिजोरीत पैसा नसताना हजार मैलांवरचा मुलूख सांभाळायला निघालेलं राज्य, आणि त्याला मिळालेली शिक्षा.

आता १० जानेवारी १७६० पासून सुरुवात करा. दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीच्या बाजूच्या फौजेशी लढताना मराठा सरदार दत्ताजी शिंदे पडले, त्यांचं शिर कापून नेलं गेलं. इथून सांगितलेली गोष्ट सूडाची आणि कर्तव्याची होते. भाऊ उत्तरेला जातात ते या अपमानाचं उत्तर द्यायला. पोवाडे आणि नाटकं बहुधा इथूनच पडदा उघडतात, कारण इथे श्रोत्याच्या मनात आग आधीच पेटलेली असते.

तिसरी सुरुवात ऑक्टोबर १७६० ची. कुंजपुरा जिंकून भाऊ कुरुक्षेत्राच्या दिशेने निघाले असताना बातमी आली की अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. मराठी फौज दिल्लीपासून तुटली, रसद हळूहळू बंद झाली. इथून सुरू झालेली गोष्ट धान्याची, चाऱ्याची आणि पैशाची आहे. तिच्यात खलनायक फारसा लागतच नाही.

तिन्ही सुरुवाती खऱ्या आहेत. पण पहिलीत राज्याची हाव दोषी ठरते, दुसरीत कुणीच दोषी नसतं, तिसरीत नदीचा उतार आणि रिकामी गोदामं निर्णायक ठरतात.

आणि कुठे थांबता त्यावर

शेवटाचं महत्त्व सुरुवातीहून मोठं आहे. आपल्याकडे गोष्ट बहुधा १४ जानेवारीच्या संध्याकाळी संपते. फार तर नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचलेल्या त्या सांकेतिक पत्रापाशी, दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मग जून १७६१ मध्ये पर्वतीवर नानासाहेबांचा मृत्यू. पडदा.

पण त्याच वर्षी सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला. १७६३ मध्ये राक्षसभुवनला त्याने निजामाला हरवलं. पानिपतला दशक उलटतं न उलटतं तोच, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या आणि जानेवारी १७७२ मध्ये त्यांच्याच आधाराने बादशहा शाह आलम आपल्या राजधानीत परतला. पानिपतवरून जखमी पायाने निसटलेले महादजी शिंदे १७८४ पासून बादशाहीचे सर्वाधिकारी होते. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली घेतली ती शिंद्यांच्या फौजेशी लढून. दिल्ली मोगलांकडून इंग्रजांकडे गेली असं आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात घट्ट बसलंय. मधली तीस वर्षं गोष्टीतून गळाली म्हणून ते तसं बसलंय.

पानिपतमुळेच मराठेशाही संपली असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ग्रँट डफसारख्या ब्रिटिश इतिहासकारानेसुद्धा माधवरावांचा अकाली मृत्यू पानिपतइतकाच घातक ठरल्याचं लिहून ठेवलं आहे. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेले, सत्ताविसाव्या वर्षी. आजारात नायक नसतो, रणांगण नसतं. म्हणून ‘थेऊर’ आपल्या बोलण्यात आलं नाही आणि ‘पानिपत’ आलं.

बखर आणि पत्र

पानिपतबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते कुठून आलं? मुख्यतः दोन प्रकारच्या लिखाणातून. बखर म्हणजे घडून गेल्यावर, बहुधा कुणाच्या तरी आज्ञेवरून किंवा आग्रहावरून, रसाळ गद्यात लिहिलेली हकिगत. आणि अस्सल साधन म्हणजे घडत असतानाच, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला कागद: पत्र, हिशेब, वतनाचा निवाडा.

दोहोंतला फरक पाहण्यासारखा आहे. बखरीत संवाद असतात, अपशकुन असतात, मानापमान असतो. भर सभेत कुणी कुणाचा सल्ला धुडकावला, कोण रुसून उठलं, यावर राज्याचं नशीब फिरतं. पानिपतच्या मातीजवळच कुरुक्षेत्र असल्यामुळे महाभारताचा साचा तर हाताशी तयारच होता.

भाऊसाहेबांची पत्रं वाचायला घेतली की वातावरण एकदम बदलतं. उत्तरेतून पैसा आणि रसद पुरवायची जबाबदारी असलेल्या गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेल्या पत्रांत पुन्हा पुन्हा एकच विषय आहे: पैसे पाठवा, रसद पाठवा, शत्रूची रसद तोडा. दिल्ली हाती आल्यावरही पगाराचा प्रश्न इतका बिकट होता की किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि उरलीसुरली वाटही बंद झाली. बखर वाचून वाटतं, भाऊ गर्विष्ठ नसते तर जिंकलो असतो. पत्रं वाचून वाटतं, धान्य पोचलं असतं तर बहुधा त्या दिवशी तशी लढाईच झाली नसती.

मी स्वतः पत्रांच्या बाजूला झुकतो. पण बखर टाकून द्यायची वस्तू नाही. फौजेची वाट पाहणाऱ्या घरांना त्या वर्षी काय वाटलं, लोकांनी दोष कुणाच्या माथी मारला, कुणाचं मरण त्यांना सहन झालं नाही, हे हिशेबाच्या कागदात सापडत नाही. ते बखरच सांगते.

ही पत्रं आपल्याला सहज मिळालेली नाहीत. वि. का. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, कसर लागलेल्या रुमालांतून, म्हणजे दप्तर बांधायच्या कापडांतून, कागद गोळा केले आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तो १७५० ते १७६१ या काळाचा, म्हणजे पानिपतचाच होता. त्याआधी पानिपत म्हणजे बखरी, पोवाडे आणि इंग्रजांनी लिहिलेली पुस्तकं.

संक्रांतीचा दिवस

गोष्ट तपशिलाला कशी घासूनपुसून गोल करते याचं एक लखलखीत उदाहरण. पानिपतची लढाई ऐन संक्रांतीला झाली, असं आपण सगळे म्हणतो. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत, आणि मराठी राज्यावर संक्रांत कोसळली. इतकं चपखल जुळतं की कुणाला तपासावंसंही वाटत नाही.

पण संक्रांत कायम १४ जानेवारीला नसते. आपलं पंचांग सूर्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भात मोजतं आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या संदर्भात. त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. म्हणूनच आता ती कधी कधी १५ जानेवारीला येते. हाच हिशेब मागे नेला तर १७६० च्या सुमाराला ती १० जानेवारीच्या आसपास येत होती. म्हणजे संक्रांतीला पडले ते दत्ताजी, बुराडीच्या घाटावर, आदल्या वर्षी. पानिपतच्या दिवशी, पौष शुद्ध अष्टमीला, संक्रांत होऊन गेलेली होती. आजच्या कॅलेंडरातली तारीख आपण २६० वर्षं मागे नेऊन चिकटवली आणि ती चिकटली, कारण अर्थ छान लागत होता.

आग की झाड?

शब्द आणि प्रतिमाही हेच काम करतात. साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास प्रसिद्ध केला. मराठ्यांचा उदय त्याने सह्याद्रीतल्या वणव्यासारखा मानला. वाळलेलं गवत, अचानक पेट, भडका. वणवा कुणी योजून लावत नाही आणि तो विझवणाऱ्याचे सगळे आभारच मानतात.

१८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफच्या ग्रंथावर मराठीत टीका लिहिली. पुढे १९०० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ आला. त्याच्या सुरुवातीच्या प्रकरणांची नावं पाहा: जमीन कशी तयार झाली, बी कसं पेरलं गेलं, ते कसं वाढलं, झाड कसं मोहरलं, फळ कसं धरलं. डफच्या वणव्याला रानड्यांनी मशागतीने उत्तर दिलं. जमीन संतांनी तयार केली, म्हणजे हे राज्य समाजाच्या आतून उगवलं, असा त्यांचा दावा.

दोघांसमोर शिवाजी महाराज तेच, गड तेच. वणव्याची प्रतिमा स्वीकारली की इंग्रज राज्य म्हणजे शांतता वाटू लागते. झाडाची स्वीकारली की ते झाड कुणीतरी तोडलं असं वाटू लागतं, आणि बी अजून मातीत असेल ही आशाही उरते. पारतंत्र्यात वाढणाऱ्या पिढीला या दोहोंतला फरक किती मोठा वाटला असेल!

दुसऱ्यांच्या गोष्टीतलं पानिपत

डिसेंबर २०१९ मध्ये याच लढाईवरचा हिंदी चित्रपट आला तेव्हा राजस्थानात निदर्शनं झाली. भरतपूरचे महाराजा सूरजमल जाट यांना मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागताना दाखवलं होतं, आणि तो भाग पुढे कापावा लागला. आपल्याकडे अनेकांना हा राग कळला नाही, कारण आपल्या गोष्टीत सूरजमल म्हणजे ‘ऐन वेळी सोडून गेलेला’. भरतपूरच्या गोष्टीत तेच सूरजमल म्हणजे व्यवहारी सल्ला देऊनही ज्याचं ऐकलं गेलं नाही असा राजा. आणि पराभवानंतर उपाशी, उघड्या, जखमी मराठ्यांना त्याने आणि राणी किशोरीने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला, हे त्या गोष्टीचं हृदय आहे. आपल्या साधनांतही या मदतीची नोंद आहे. आपण ती शेवटच्या ओळीत उरकतो, एवढंच. भरतपूरसाठी १७६१ हे वर्ष शोकाचंही नाही. त्याच जूनमध्ये सूरजमल यांनी आग्र्याचा किल्ला घेतला.

अफगाणिस्तानात अब्दाली हा ‘अहमदशाह बाबा’, १७४७ मध्ये राज्याचा पाया घालणारा. पंजाबात शिखांच्या स्मरणात तो १७६२ च्या ‘वड्डा घल्लूघारा’ या कत्तलीसाठी आहे. पानिपत त्यांच्या गोष्टीत बाजूला पडतं. आणि दक्षिणेत, पानिपतच्याच आठवड्यात, पाँडिचेरी फ्रेंचांच्या हातून इंग्रजांकडे गेलं. पुढच्या दोनशे वर्षांचा विचार केला तर या घटनेचं वजन पानिपतहून कमी नाही. ती आपल्याला पाठ नाही, कारण तिथे आपलं कुणी मेलं नव्हतं.

हे वाचून स्वतःच्या दुःखाची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. ज्या घरातला माणूस गेला त्या घराने ती गोष्ट आधी सांगावी, हे योग्यच आहे. आपल्या गोष्टीत जो पात्र म्हणून दोन ओळींपुरता येतो, तो त्याच्या गोष्टीत मध्यभागी असतो, एवढं भान मात्र हवं.

गोष्ट माणसांकडून कामं करून घेते

सदाशिवरावभाऊ मेले हे अनेकांनी मनाने कधी स्वीकारलंच नाही. त्या न स्वीकारण्यातून एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. हा तोतया १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, हजारो माणसं त्याच्या मागे गेली, कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात आले. पेशव्यांच्या कारभाऱ्यांना त्याच्यावर रीतसर फौज पाठवावी लागली. शेवटी तो पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. पंधरा वर्षं जपलेल्या एका अपुऱ्या गोष्टीने खरे किल्ले जिंकले होते.

आजचं उदाहरण कमी नाट्यमय आहे, पण त्याच जातीचं. मराठी नेत्याची दिल्लीत पीछेहाट झाली की मथळ्यात पानिपत येतं. हळूहळू एक समजूत मुरत जाते: दिल्ली आपल्याला मानवत नाही. ही समजूत १७६१ च्या एका दिवसावर उभी आहे. १७७१ ते १८०३ या काळाला तिच्यात जागा नाही.

‘म्हणजे खरं असं काही नसतंच?’

हा आक्षेप इथे हमखास येतो, आणि तो रास्त आहे. सुरुवात-शेवट ज्याने त्याने निवडायचा असेल तर कुणीही काहीही सांगावं की!

तसं नाही. गोष्टीला निवडीचं स्वातंत्र्य आहे, पण पुराव्याचं कुंपणही आहे. पानिपत मराठ्यांनी जिंकलं अशी गोष्ट सांगता येत नाही. दुपारपर्यंत मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना मागे रेटलं होतं आणि निकाल लागायचा होता, हे सांगता येतं, कारण त्याला आधार आहे. चांगली गोष्ट जास्तीत जास्त कागदांना सामावून घेते. वाईट गोष्टीला अडचणीचे कागद लपवावे लागतात. लढाईतून आपली फौज घेऊन बाहेर पडलेल्या मल्हारराव होळकरांना एका वाक्यात गद्दार ठरवणाऱ्याने, ते नसते तर रणातून बाहेर पडणाऱ्यांचं काय झालं असतं, याचाही विचार करायला हवा.

‘बोध चांगला असेल तर गोष्ट खरी नसली म्हणून काय झालं?’

अब्दालीने संध्याकाळी मराठी छावणीत वेगवेगळ्या चुलींचा धूर पाहिला, हे लोक एकत्र जेवत नाहीत असं त्याला कळलं, आणि आपण जिंकणार हे त्याने तिथेच ओळखलं, ही गोष्ट आपण भाषणांतून ऐकत आलो. जातिभेदाने समाज दुबळा होतो हा तिचा बोध, आणि तो मला मनापासून मान्य आहे. पण पत्रं आणि बखरी एका मुद्द्यावर एकमुखी आहेत: शेवटच्या आठवड्यांत ती छावणी उपाशी होती. माणसं आणि जनावरं अन्नावाचून मरत होती. शिजवायला काही उरलं नसलेल्या छावणीवर असंख्य चुलींचा धूर मला दिसत नाही.

बिघडतं ते असं, की कुणी चुलींची गोष्ट खोडून काढली की ऐकणाऱ्याला वाटतं, जातिभेदाचा मुद्दाही खोडला गेला. पेशवाईतल्या अस्पृश्यतेला भक्कम पुरावे आहेत. ते असताना इतक्या मोठ्या अन्यायाला डळमळीत गोष्टीवर का टेकवायचं?

वर्गात काय करता येईल

सातवीच्या वर्गात मराठ्यांचा इतिहास शिकवतात. शिक्षकांना माझी विनंती आहे की पानिपतच्या धड्याला दोन तास जास्त द्या. एका गटाला ही गोष्ट दत्ताजींपासून सांगू द्या, दुसऱ्याला राणी किशोरीपासून. तिसऱ्या गटाला द्या अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला, जो पानिपतला अब्दालीच्या बाजूने उभा होता आणि तीनच वर्षांनी बक्सरला इंग्रजांकडून हरला. चौथ्याला द्या नाना फडणीस: अठरा वर्षांचा मुलगा, ज्याची आई त्या धामधुमीत हरवली आणि जो स्वतः कसाबसा घरी पोचला. त्याने पुढे ते सगळं स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलं आहे, मुलांना वाचून दाखवता येईल. प्रत्येक गटाला अट एकच: एकही तारीख बदलायची नाही, आणि दुसऱ्या गटाने दाखवलेला कागद लपवायचा नाही.